एकतीस वर्षांनंतरचे शियान

(संस्थेच्या अभ्यासिकेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आम्ही उभयता चीनहून परत आल्याचे कळताच संस्थेच्या चिटणीसांनी आग्रह धरला की, काय पाहिले ते चार शब्दांत येऊन सांगा. चार शब्दांत होणारे ते काम नव्हे, म्हणून आज थोडा अधिक वेळ मागून घेतला आहे. प्रथमच सांगून टाकतो, आम्ही चीनचे अभ्यासक नाही. दोघांनीही जन्मभर शाळेत फळा आणि खडू एवढेच केले. १९९३ च्या ऑक्टोबरात शिक्षकांच्या एका मैत्री-सहलीबरोबर आम्ही तेथे गेलो होतो आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा गेलो. मधली एकतीस वर्षे आम्ही तेथे नव्हतो, हीच आमची काय ती पात्रता. घरात रोज पाहणाऱ्याला मूल वाढलेले कळत नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या मामाला कळते. तसा आमचा हा मामाचा अहवाल आहे.

शियानचेच नाव का घेतो, तर हे शहर आपल्याला अगदीच परके नाही. त्याचे जुने नाव चांगआन. ह्युएनत्संग येथूनच निघाला आणि सोळा-सतरा वर्षांनी, इ.स. ६४५ मध्ये, ६५७ ग्रंथ घेऊन येथेच परतला. मधल्या काळात, इ.स. ६४१ च्या सुमारास, तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. पुलकेशीच्या राज्यातील माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले. त्याच्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला उंच मनोरा अजून उभा आहे, त्याला महा-हंस पॅगोडा म्हणतात. म्हणजे इतक्या वर्षांनी परतल्यावर आपले गाव कसे दिसते, हा प्रश्न त्या शहरात आमच्याआधी तेराशे वर्षांपूर्वी कोणाला तरी पडलाच असणार.

आधी प्रवासाचे थोडक्यात सांगतो. १९९३ साली आम्ही हाँगकाँगमार्गे बीजिंगला पोहोचलो होतो. २०२४ मध्ये बँकॉकमार्गे जावे लागले, कारण भारत आणि चीनमधील थेट विमाने २०२० पासून बंद होती. ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, तोवर आम्ही घरी परतलो होतो. बीजिंगहून शियानला त्या वेळी हिरव्या डब्यांच्या गाडीने गेलो. संध्याकाळी बसलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब, प्रत्येकाच्या हाती झाकणाचा मग, सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा पायाखाली खच. आता तेच सुमारे बाराशे किलोमीटर अंतर वेगवान गाडी पाच-सहा तासांत कापते. डबा स्वच्छ, शांत, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. उकळत्या पाण्याचा नळ मात्र अजून आहे. तो पाहून जुना सोबती भेटल्यासारखे वाटले.

बीजिंगमध्ये दोनच दिवस होतो. तेव्हा तेथे भुयारी रेल्वेचे दोन मार्ग होते, आज तिची लांबी ८०० किलोमीटरहून अधिक आहे. १९९० च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या १ कोटी ८ लाख होती, २०२० मध्ये २ कोटी १९ लाख झाली. हवेचे म्हणाल तर, ज्या बारीक धूलिकणांनी छाती भरते त्यांचे वार्षिक सरासरी प्रमाण २०१३ मध्ये दर घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होते, ते २०२४ मध्ये ३०.५ वर आले. कोळसा हटवला, कारखाने हलवले, गाड्या विजेवर आणल्या. आपल्या राजधानीला खोकला येतो तेव्हा हे आकडे जरूर आठवावेत.

सायकली आम्हाला सर्वांत जास्त आठवत होत्या. १९९३ च्या सकाळी शियानच्या चौकात उभे राहिले की सायकलींचा पूर यायचा. फ्लाइंग पिजन, फिनिक्स, फॉरेव्हर ही तेव्हाची नावे. आपल्याकडे लग्नात घड्याळ-रेडिओ देत, तशी तेथे सायकल मानाची वस्तू होती. हजारो घंट्यांचा तो एकत्र आवाज आम्ही गावी परतल्यावर मुलांना तोंडाने करून दाखवत असू. आता त्याच चौकात विजेवरच्या स्कूटर धावतात आणि त्यांना आवाजच नाही. पहिल्या दिवशी दोनदा थोडक्यात वाचलो. मोठी शहरे गोंगाटाचीच असतात, अशी आमची समजूत होती. ती या शहराने चुकीची ठरवली.

आमच्याकडे कोणी पाहत नाही, हा दुसरा बदल. १९९३ मध्ये आमच्या सौभाग्यवतींचे नऊवारी नव्हे, साधे पाचवारी पातळ पाहायला पंधरा-वीस माणसे गोळा होत. कोणी पदराचा काठ हाताने चाचपून पाहत. म्हातारी माणसे ‘आवारा’ चित्रपटाची चाल गुणगुणत. या वेळी तेच पातळ नेसून त्या भर बाजारातून गेल्या, कोणी फोनमधून मान वर केली नाही. फक्त एक टॅक्सीवाला आमचा देश विचारून खूश झाला आणि म्हणाला, ‘चला कुस्ती खेळू, बाबा!’ आम्ही गोंधळलो. मग उलगडा झाला की २०१७ मध्ये ‘दंगल’ तेथे या नावाने लागला होता आणि त्याने तो मुलीला घेऊन पाहिला होता. राज कपूर त्याला ठाऊक नव्हता. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव मात्र त्याने ऐकलेले होते. १९४२ मध्ये चीनमध्येच वारलेला हा माणूस, शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे.

पैशांची गंमत सांगितली पाहिजे. १९८० पासून १९९४ पर्यंत तेथे परदेशी पाहुण्यांसाठी वेगळ्या नोटा होत्या. आमच्या खिशात त्या, लोकांच्या खिशात दुसऱ्या. हॉटेलात आणि मैत्री भांडारात आमच्या चालत, रस्त्यावरचा भजीवाला त्या उलटसुलट करून पाही. रेल्वेचे तिकीटही परदेशी माणसाला महाग. म्हणजे पैशापासूनच आम्ही वेगळे काढलेले होतो. आता वेगळ्या नोटा नाहीत, पण नोटाच फारशा नाहीत. खजुरासारख्या गोड लागणाऱ्या एका फळाच्या पुऱ्या विकणाऱ्या आजीबाईंपुढे आम्ही शंभराची नोट धरली, तर त्यांच्याकडे सुटेच नव्हते. त्यांनी गळ्यातला क्यूआर कोड पुढे केला. रोख नाकारू नये, असे तेथील मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्येच बजावले आहे. पण आजीबाई नाकारत नव्हत्याच, त्यांच्याजवळ खरोखर चिल्लर नव्हती. विद्यार्थी म्हणतील, यात नवल ते काय, आपला भाजीवालाही हेच करतो. खरे आहे. फरक एवढाच की आपला फोन तेथे आंधळा होतो. तेथील माणूस ज्या वीचॅटवर बोलतो, पैसे देतो, तिकीट काढतो, त्या वीचॅटवर आपल्या देशात २०२० पासून बंदी आहे. अखेर आमच्या पुतणीने आमचे कार्ड दुसऱ्या एका चिनी ॲपला जोडून दिले, तेव्हा कुठे आम्ही त्या शहरात माणसांत आलो.

ही पुतणी २०१८ पासून तेथे डॉक्टरी शिकत होती. २०२० च्या जानेवारीत सुट्टीला म्हणून घरी आली ती अडीच वर्षे घरीच अडकली, संगणकासमोर बसून शरीरशास्त्र शिकली. विद्यार्थ्यांचे व्हिसा २०२२ च्या ऑगस्टअखेर सुरू झाले, तेव्हा परत गेली. तीही परतून आलेलीच. ती म्हणाली, ‘काका, मी गेले तेव्हा कोपऱ्यावरची नूडलवाली मला नावाने हाक मारायची. परत आले तर दुकानच नव्हते. कुठे गेली कोणालाच माहीत नाही. ती इथली नव्हती ना.’

‘ती इथली नव्हती’, हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. पुढे जे सांगायचे आहे ते या वाक्याशी जोडलेले आहे.

पॅगोड्याला गेलो. १९९३ मध्ये मंदिराच्या भिंतीबाहेर भाजीपाल्याची शेते लागत. खताचा वास यायचा. एक शेतकरी बांधावर बसून मुळे धूत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आता तेथे प्रचंड चौक, नाचणारी कारंजी, ह्युएनत्संगाचा पुतळा, आणि पुढे दिव्यांनी लखलखणारा एक लांबच लांब रस्ता. त्यावर तांग काळातले रेशमी झगे भाड्याने घेऊन मुली फोटो काढत होत्या. काहींना हा सारा देखावा खोटा वाटतो. आम्हाला मुलींचा आनंद खोटा वाटला नाही. मात्र मुळे धुणारा तो शेतकरी आता कोठे असेल, हे विचारायला कोणी सापडले नाही. शहराभोवतीचा चौदाव्या शतकातील तट सुस्थितीत आहे, त्याचा फेरा सुमारे १४ किलोमीटरचा. बीजिंगने आपला तट पाडला, शियानने राखला. मातीचे सैनिकही पाहिले. तेथे गर्दी वाढली आहे, एवढेच. असो.

आता मूळ विषय. शियानच्या पूर्वेला ‘फांगझीचेंग’ नावाचा भाग आहे, म्हणजे सरळ ‘गिरणगाव’. १९५० च्या दशकात सरकारने तेथे सुती कापडाच्या मोठमोठ्या गिरण्या उभ्या केल्या. १९९३ च्या सहलीत आम्हाला एका गिरणीत आणि मग तेथील एका कामगार बाईंच्या घरी नेले होते. बाई आमच्याच वयाच्या, कताई खात्यात. घर म्हणजे तीन मजली विटांच्या चाळीतल्या दोन खोल्या. जिन्यात भोके पाडलेल्या कोळशाच्या वड्या रचलेल्या, फुलांची नक्षी असलेला थर्मास, आणि एकुलती एक मुलगी आमच्याकडे टक लावून पाहणारी. घर गिरणीचे, दवाखाना गिरणीचा, पाळणाघर गिरणीचे, अंघोळीची जागाही गिरणीचीच. धान्याच्या रेशन चिठ्ठ्या त्याच वर्षी नुकत्या बंद झाल्या होत्या. बाईंनी उरलेल्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यातून काढून दाखवल्या आणि म्हणाल्या, ‘टाकवत नाहीत, काय सांगावे पुन्हा सुरू झाल्या तर!’ निघताना आम्ही फाटकापाशी सर्वांचा फोटो काढला होता. तो फोटो या वेळी बरोबर नेला होता.

पुढे त्या देशात काय झाले ते आपण ऐकून आहात. १९९८ नंतरच्या चार-पाच वर्षांत सरकारी कारखान्यांतून अडीच कोटींहून अधिक कामगार घरी बसवले गेले. गिरणीने घर देण्याची पद्धतही १९९८ मध्ये संपली. लालबाग-परळच्या गिरण्यांचे १९८२ च्या संपानंतर काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांना अधिक सांगायला नको. मेट्रोचा पहिला मार्ग आता थेट गिरणगावापर्यंत जातो. स्थानकाचे नाव अजून तेच आहे. गिरणीच्या एका आवारात चित्रकारांची दालने आहेत, कॉफी मिळते. आम्ही जिथे चहा प्यायलो होतो, त्या चाळीच्या जागी तीसेक मजल्यांचे चार टॉवर उभे होते.

फाटकावर चेहरा ओळखणारे यंत्र. रहिवासी समोर उभा राहिला की दार आपोआप उघडते. आमचे चेहरे यंत्राला ठाऊक नव्हते. १९९३ मध्ये त्याच जागी दंडाला लाल पट्टी बांधलेल्या एक आजी स्टुलावर बसत आणि वहीत नाव लिहून घेत. त्यांची नजर या यंत्राहून तीक्ष्ण होती, पण त्यांनी आम्हाला आत सोडले होते. यंत्राने सोडले नाही. शेजारच्या चौकीतला वॉचमन बाहेर आला. पुतणीने त्याला ‘शूशू’ म्हणून हाक मारली. वडिलांच्या धाकट्या भावाला तेथे हाच शब्द आहे, आपला ‘काका’च म्हणा ना.

हा वॉचमन पश्चिमेकडच्या गान्सू प्रांतातला. शियानला येऊन त्याला अठरा वर्षे झाली. हे चारही टॉवर उभे राहत असताना तो येथेच बांधकामावर होता, नंतर गुडघे गेले म्हणून चौकीत आला. बायको याच टॉवरमध्ये दोन घरी कामाला जाते. मुलगी गावी आजी-आजोबांकडे, बारावीच्या आधीच्या वर्गात. आम्ही मास्तर माणसे, तोंडून प्रश्न गेलाच की मुलीला येथे का आणत नाही. तो हसला आणि एकच शब्द बोलला, ‘हुकौ’.

विद्यार्थी मित्रहो, हा शब्द लक्षात ठेवा. हुकौ म्हणजे कुटुंबाची नोंदवही. १९५८ च्या कायद्याने तेथे प्रत्येक माणूस एका गावाशी वा शहराशी बांधला गेला, शेतकरी की बिगरशेतकरी असा शिक्का बसला. १९९८ पर्यंत तो शिक्का मुलाला आईकडून मिळे. बाप शहरातला आणि आई खेड्यातली असेल, तर मूल खेड्यातले. शाळा, दवाखाना, रेशन सारे त्या वहीवर. खेड्यातला माणूस शहरात राबायला येऊ शकला, शहराचा होऊ शकला नाही. २००३ पर्यंत तर कागद जवळ नसलेल्याला पोलीस उचलून गावी परत धाडत. त्या वर्षी ग्वांगझूमध्ये सुन झिगांग नावाचा पदवीधर तरुण अशाच कोठडीत मारहाणीने मेला. देशभर संताप उसळला आणि काही महिन्यांतच ती पद्धत रद्द झाली. २०१४ मध्ये शेतकरी-बिगरशेतकरी हा भेदही कागदावरून काढला. शियानने २०१७ पासून पदवीधरांना दार बरेच मोकळे केले. आमच्या पुतणीच्या चिनी मैत्रिणींना शहराची नोंद हा हा म्हणता मिळाली. गुडघे गेलेल्या वॉचमनला ती तशी मिळत नाही. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा साधारणपणे नोंद असेल तेथेच द्यायची, बाहेरच्या मुलांना अटी आहेत आणि अटींना कागद आहेत. म्हणून मुलगी गावी. अशी आई-बापामागे खेड्यात राहिलेली मुले २०१० च्या जनगणनेवरून केलेल्या हिशेबात ६ कोटींहून अधिक होती. नोंदीचा गाव सोडून दुसरीकडे राहणारी माणसे २०२० मध्ये ३७ कोटींच्या वर मोजली गेली.

आता येथे बसलेल्यांच्या मनात काय आले असेल ते आम्ही ओळखतो. जन्माबरोबर मिळणारा शिक्का म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. परंतु घाईने दोन्हींची सरमिसळ करू नये. हुकौ हा सरकारी कागद आहे. त्याच्यामागे धर्मग्रंथ नाही, शिवाशीव नाही, आणि पदवीने वा पैशाने तो बदलतो. आपल्याकडच्या शिक्क्याचे तसे नाही, तो बढती मिळाल्यावरही मागे येतो. आणि उलट बाजूनेही पाहावे. आपल्या शहरात कोणालाही येता येते, झोपडपट्टीत राहता येते, मुलाला पालिकेच्या शाळेत घालता येते. तेथे झोपडपट्टी जवळजवळ दिसली नाही आणि आमच्या सहप्रवाशांना त्याचे फार कौतुक वाटले. आम्हाला त्या वॉचमनची मुलगी दिसत होती, जी तेथे दिसत नव्हती. २०१७ च्या नोव्हेंबरात बीजिंगच्या दाशिंग भागात बाहेरून आलेल्या कामगारांच्या दाट वस्तीला आग लागून १९ जण दगावले. त्यानंतर सुरक्षिततेच्या नावाने कडाक्याच्या थंडीत कितीतरी कुटुंबांना थोड्या मुदतीत खोल्या सोडाव्या लागल्या. शहर सुंदर दिसू लागले की कोण दिसेनासे झाले, हे परत आलेल्या माणसाने मोजावे. त्याच्याजवळ जुना फोटो असतो.

तो फोटो वॉचमनने हातात घेतला, नीट पाहिला आणि आतल्या बागेत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे नेला. आम्ही फाटकाबाहेरच. बागेत सगळी पिकली पानेच होती. १९९३ मध्ये भिंतीभिंतींवर एकच मूल पुरे अशा घोषणा होत्या. आता तीन मुलांना परवानगी आहे, आणि २०२२ पासून त्या देशाची लोकसंख्याच घटते आहे. एका बाईंनी चष्मा लावला आणि एकदम मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. त्या स्वतः फाटकापर्यंत आल्या, यंत्रासमोर उभ्या राहिल्या, दार उघडले आणि त्यांनी आम्हाला हाताला धरून आत नेले.

त्यांनी फोटोतल्या बाईंना ओळखले होते, दोघी एकाच खात्यातल्या. बाईंचे काम १९९९ मध्ये गेले. काही वर्षे त्यांनी फाटकाबाहेर मोजे विकले. चाळ पाडली तेव्हा मोबदल्यात याच टॉवरमध्ये घर मिळाले. नवरा वारला. एकुलती एक मुलगी शेन्झेनला नोकरीला लागली, तिला मूल झाले. दोघे नवरा-बायको कामाला जाणार, मग मूल कोण पाहणार? म्हणून घर भाड्याने देऊन बाई दक्षिणेला, हाँगकाँगच्या हद्दीला लागून असलेल्या त्या शहरात गेल्या. पेन्शन येथली, औषधपाण्याचा विमा येथला. नियम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहेत, तरी कागदासाठी फेरी मारावी लागतेच. तिकडची बोली त्यांना कळत नाही, ओळखीचे कोणी नाही. ज्या बाईंचे घर, दवाखाना, पाळणाघर, न्हाणीघर सारे एका फाटकाच्या आत होते, त्या सत्तरीत परगावच्या झाल्या. आणि त्यांच्या फाटकावर गान्सूचा माणूस बसला आहे. वॉचमन हे सारे ऐकत उभा होता. तो मध्येच म्हणाला, ‘म्हणजे त्याही माझ्यासारख्याच.’

चष्मेवाल्या बाईंनी फोन लावला. पडद्यावर एक पांढऱ्या केसांचा चेहरा आला, मागे स्वयंपाकघर, कडेवर नातू. आमच्या सौभाग्यवतींनी पदर सावरला आणि फोटो पडद्यासमोर धरला. पलीकडे बराच वेळ काही हालचाल नाही. मग त्या बाईंनी डोळे पुसले आणि काहीतरी विचारले. पुतणी म्हणाली, ‘काकू, त्या विचारताहेत, जेवलात का?’

आम्ही हो म्हटले. खरे तर जेवलो नव्हतो. वॉचमनला ते कळले असावे. बोलणे संपल्यावर त्याने चौकीतून आपला डबा आणला, वाफवलेल्या पावाचे चार तुकडे केले आणि बाकावर ठेवले. यंत्र अजूनही आमचे चेहरे ओळखत नव्हते, म्हणून बाहेर पडताना त्याला पुन्हा उठून दार उघडावे लागले.